आईचा आठ

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला नातवाने आकडे पाठवले. आठ आणि एक. दोन्ही सोनेरी, माझ्या छातीला लागतील एवढे उंच, आणि दोन्ही तरंगणारे. पणजीहून व्हॅनमधून आले. मागचे दार उघडताच आठ आपणहून बाहेर निघाला. आणणाऱ्या पोराने रिबन मनगटाला गुंडाळून त्याला आवरला, नुकते दाव्याला बांधलेले वासरू आवरावे तसा.

आई न्हाऊन, नवे लुगडे नेसून पाटावर बसली होती. भटजींची मांडामांड चालली होती. नातवाला पुण्याहून रजा मिळाली नव्हती, म्हणून तो फोनच्या पडद्यावर होता आणि तिथून ओरडत होता, "आजी, वर बघ, वर!" आजीने वर बघितले. मग रिबन ओढून आठ खाली आणला, त्याला टिचकी मारली, साडीचा पोत बघतात तसा दोन बोटांत धरून बघितला आणि मला विचारले, "हातूंत किदें आसा?"

"वारें," मी म्हटले. हेलियम समजावत बसायची ती वेळ नव्हती.

"वारें?" तिने एकदा फोनकडे बघितले, एकदा माझ्याकडे. "पुण्यासावन वारें धाडलां?"

सगळे हसले. नातूही हसला. माझी बहीण कोपऱ्यात आहेराची वही घेऊन बसली होती. कोणी काय दिले ते नावासकट लिहून ठेवायचे, म्हणजे उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की देण्याघेण्यात चूक होत नाही. तिचे पेन अडले. "हें कशें बरोवप?" तिने विचारले. कोणालाच सांगता येईना. शेवटी तिने लिहिले: नातू, पुणे, फुगे नग २.

ते "नग २" तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात ते राहिलेही नसते, पण मी फुगे विकतो.

डिचोलीच्या बाजारात आमचे दुकान आहे. बाबांनी ते पाट्या, पेन्सिली, वह्या आणि रिबिनींसाठी काढले. फुगे पहिल्यापासून होते. भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला असे, त्याला फुगे एकेक करून लावलेले. पैसे द्यायचे आणि एक तोडून घ्यायचा. सगळ्यांत वर मधोमध एक भलामोठा फुगा असे, आणि तोच हवा म्हणून पोरे खालचे घेत राहत. बाबा गल्ल्यावर नसले की आई बसायची. पुठ्ठ्यावरचे फुगे किती गेले, ते ती न मोजता सांगायची.

आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच एवढे पाणी असते की कोरडी राहील अशी वस्तू शोधावी लागते. वह्यांना बुरशी धरते, काडेपेटी पेटत नाही, आणि फुगे एकमेकांना घट्ट चिकटतात. ओढून सुटे केले तर तोंडाकडे भोक पडते आणि मग गिऱ्हाईक परत घेऊन येते. त्यावर बाबांचा उपाय म्हणजे तोंडाला लावायची पावडर. डबा उघडायचा, पावडर भुरभुरायची, बंद करून हलवायचा. फुगे विकून झाल्यावर त्यांच्या हातांना बाळासारखा वास यायचा.

पुढे कधीतरी वाचनात आले की मायकेल फॅरडेनेही हेच केले होते. १८२४ साली, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. त्याला हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी हलकी पिशवी हवी होती. त्याने रबराचे दोन पातळ तुकडे एकावर एक ठेवले, कडा दाबून जोडल्या, आणि आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून मध्ये पीठ लावले. रबराचा पहिला फुगा म्हणतात तो हा. फॅरडेला तो कोणाच्या वाढदिवसाला द्यायचा नव्हता, वायू कोंडायचा होता. पण दुसऱ्याच वर्षी टॉमस हॅनकॉक नावाच्या रबरवाल्याने बाटलीभर रबराचे द्रावण आणि एक पिचकारी असा संच विकायला काढला: घरी न्या आणि स्वतः फुगे करा. शोध लागून वर्ष होते न होते तोच आमच्या धंद्यातला माणूस हजर! हल्लीचे फुगे द्रवरूप लॅटेक्समध्ये साचा बुडवून काढतात. तसा पहिला फुगा १९३१ साली अमेरिकेत नील टिलटसनने केला, पुठ्ठ्याचे मांजराचे डोके कापून ते लॅटेक्समध्ये बुडवून. कानांसकट उतरला म्हणे.

लहानपणी आम्हाला गॅसचा फुगा दिसायचा तो फक्त जत्रेत. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खाजेवाल्यांच्या रांगेच्या टोकाला फुगेवाला उभा असे, आणि त्याच्या पायाशी गंजलेले नळकांडे. त्यात कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकले की हायड्रोजन सुटतो. स्वस्तातला कारखाना, पण ठिणगी पडली किंवा आत दाब वाढला की संपले. बाबा आमचा हात धरून तिथून लांबून वळसा घालायचे. खाजे मागाल तेवढे मिळेल, तिकडे जायचे नाही. एकदा माझ्या बहिणीने एवढे भोकाड पसरले की शेवटी त्यांनी एक घेऊन दिला. दोरा तिच्या मनगटाला बांधला आणि बसमध्ये बिडी ओढणाऱ्या एका बुवांना खुणेने विझवायला लावली. डिचोलीला उतरेपर्यंत बाबांचा एक हात त्या दोऱ्यावर होता.

म्हणजे फुगा होता, पण जत्रेचा होता. पोरे मागायची, मोठी माणसे नाइलाजाने घेऊन द्यायची. मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या हातात समारंभाने फुगा द्यावा आणि त्याने "थँक्यू" म्हणावे, हे बाबांनी बघितले असते तर दोघांपैकी कोणाला तरी बरे नाही असे त्यांना वाटले असते.

माझ्या दुकानात हे बदलताना मी बघितले आहे. दहाएक वर्षांपूर्वीपर्यंत गिऱ्हाईक विचारायचे, "सजावटीला किती लागतील?" आता विचारतात, "द्यायला काय आहे?" द्यायला म्हणजे फॉइलचे: बदाम, तारे, आकडे, इंग्रजीतून "मुलगी झाली" असे छापलेला गुलाबी गोल. हा गोल प्रसूतीच्या खोलीत नेतात. परवा एका बापाने नेला. त्याची मुलगी अडीच किलोची, आणि फुगा तिच्या दुप्पट रुंद. एका मुख्याध्यापिका बाईंच्या निवृत्तीला वर्गातल्या पोरांनी प्रत्येकी एक फुगा दिला. बाईंनी घरी जाताना दुकानापाशी गाडी थांबवली. मागची काच फुग्यांनी भरलेली, ड्रायव्हरला मागचे काही दिसत नव्हते. बाई खाली उतरून हळूच म्हणाल्या, "यांचं मी काय करू?" फुगे माझ्याच दुकानातले होते. मला उत्तर सुचले नाही.

सगळ्यांत लक्षात राहिला तो बदामवाला. चौदा फेब्रुवारीला सकाळी आला, लाल बदाम पंपाने भरून घेतला आणि स्कूटरवर बसून म्हापशाला निघाला. सीटखाली बदाम मावेना, म्हणून त्याने तो पाठीला बांधला. अस्नोड्याच्या पुलावर वाऱ्याने बदाम उलटून पुढे आला आणि त्याच्या हेल्मेटवर बसला. दिसेनासे झाले, ब्रेक लावला, बदाम सुटून नदीत गेला. तासाभराने तो परत दुकानात, शर्ट घामाने ओला. "काका, दुसरा द्या. पण फुगवू नका. तिकडे जाऊन फुगवतो." मी त्याला नळी फुकट दिली. पुढे काय झाले ते माहीत नाही. पुढल्या वर्षी आला नाही, याचे दोन्ही अर्थ होतात.

आता आहेराची आपली रीत बघा. आपण देतो ते वजनाचे असते. ओटी भरायची तर नारळ, तांदूळ, खण. बाळंतिणीला बघायला जायचे तर काही ना काही हातात हवे. रिकाम्या हाताने जाऊ नये हे एवढे पक्के आहे की शेजारी जातानाही आई चार ओल्या मिरच्या कागदात गुंडाळून नेते. आणि दिलेली वस्तू फिरते, ही आहेराची दुसरी रीत, जी कोणी बोलत नाही. आमच्या माळ्यावर सहा काचेच्या वाट्यांचा एक संच आहे. माझ्या माहितीत तो चार लग्ने फिरून आमच्याकडेच परत आला. खोक्याचा एक कोपरा उंदराने खाल्लेला, म्हणून ओळखला. भिंतीवरची घड्याळे, चांदीचा मुलामा दिलेले करंडे, प्रेशर कुकर, सगळे माळ्यावर थोडा वेळ थांबून पुढच्या घरी जाते. यात कोणाला काही वाईट वाटायचे कारण नाही. वस्तू पडून राहण्यापेक्षा फिरलेली बरी.

फुग्याला माळा नाही. तो आज घ्यायचा आणि आजच बघायचा. पुढच्या घरी धाडता येत नाही, आणि वहीत लिहिला तरी परतफेड काय करायची? त्यांच्या मुलीच्या मुंजीला, चुकलो, मुलाच्या मुंजीला, नग २ फुगे? शिवाय तो तुमच्या डोळ्यांदेखत म्हातारा होतो. फूलही सुकते, पण सुकलेले फूल तुळशीत टाकता येते. सुरकुतलेला फुगा कुठे टाकायचा हे मला, जो तो विकतो त्यालाही, माहीत नाही.

आणि हे वारें स्वस्त नाही. नातवाने किती दिले ते मी आईला सांगितलेले नाही. मी हेलियमचा सिलिंडर ठेवत नाही, परवडत नाही. भारतात लागणारा जवळपास सगळा हेलियम बाहेरून येतो. जमिनीच्या पोटात युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गातून तो तयार होतो आणि नैसर्गिक वायूबरोबर वर काढतात. मागच्या वर्षी आईचा एमआरआय काढला. त्या यंत्रातले चुंबकही हाच वायू द्रवरूपात थंड ठेवतो, उणे २६९ अंशांना. तेव्हा तिने त्याच्या पोटात शिरून वीस मिनिटे रामरक्षा म्हटली होती. आता तोच वायू तिच्या डोक्यावर तरंगत होता.

त्यात हा वायू आपल्या बाजूचा म्हणून मिरवण्याचीही सोय आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" दाखवतात, लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला असे सांगतात, आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. १८६८ सालच्या त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते. यान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ तेव्हा गुंटूरला होता, आणि ज्याच्या नावाने ओटे सांगतात तो लॉकियर इंग्लंडात. त्याने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ ऑक्टोबरमध्ये तिथूनच बघितली आणि हेलिओस या ग्रीक सूर्यावरून नाव ठेवले. पण विजयदुर्गला जाऊन हे बोलायचे धाडस माझ्यात नाही. तिथे माझी सासुरवाड आहे.

कार्य झाले, पाहुणे गेले. एकचा आकडा दुसऱ्याच दिवशी खाली आला. हे आकडा विकणाऱ्याला माहीत असते: एक लिटर हेलियम जेमतेम एक ग्रॅम वजन उचलतो. एकचे पोट लहान आणि त्या मानाने कातडी जास्त, म्हणून तो पहिल्यापासून कसाबसा तरंगत असतो. शेजारच्या मुलांना तो बाहेर सोडायचा होता. मी सोडू दिला नाही. फॉइलवर धातूचा मुलामा असतो, तारांवर पडला तर आमच्या वाड्याची वीज गेलीच म्हणून समजा. आणि तारांवर न पडता समुद्राकडे गेला तर मोरजीला कासवे अंडी घालायला येतात, ती असल्या गोष्टी जेलीफिश समजून गिळतात. हे सगळे मी मुलांना सांगत असताना मांजराने एकला पंजा मारला आणि प्रश्न सुटला.

राहिला आठ. त्याची रिबन आईने पितळी तांब्याला बांधून दिवाणखान्यात ठेवली होती. पण तिला रात्री पंखा लागतो, आणि पंख्याच्या वाऱ्याने आठ तांब्याभोवती फिरत राहायचा. दुसऱ्या रात्री गाठ सुटली. पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघराच्या दारात, माणसाच्या उंचीवर, कोणीतरी सोनेरी उभे. मी ओरडलो. बायको उठली, आई उठली. आईने आठाची रिबन धरून त्याला परत नेला आणि म्हणाली, "बिचारो, वाट चुकलो." त्या दिवसापासून तो वस्तू राहिला नाही. "आठ खंय आसा?" असे ती सकाळी विचारू लागली.

आठवड्याभरात चवथ आली. आमच्याकडे माटोळी मोठी असते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातले, बागेतले जे मिळेल ते बांधायचे: असोले नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, तोरिंगे, कवंडळे, कांगले, चिबूड. दोन दिवस हिंडून जमवतो आम्ही. शेजाऱ्याच्या माटोळीत आपल्याकडे नाही असे एखादे फळ दिसले की रात्री झोप लागत नाही. चतुर्थीच्या सकाळी मी पूजेचे सामान लावायला गेलो आणि वर बघितले. आंबाडे आणि कवंडळे यांच्या मध्ये, नारळाच्या घडाला टेकून, आठ. आता तो जरा मऊ झाला होता, कमरेत वाकला होता, त्यामुळे तिथे बांधूनच ठेवलाय असे वाटत होते.

काढायला मी स्टूल आणले. आईने थांबवले. "रावूं दी. गणपतीकय खेळपाक जाय."

भटजी आले, वर बघून क्षणभर थांबले. त्यांनी आमच्या माटोळीत इतकी वर्षे बरेच काही बघितले आहे. त्यांनी मंत्र सुरू केले. संध्याकाळच्या आरतीला वाड्यातली मुले घुमट, शामेळ, कांसाळे घेऊन आली. घुमट म्हणजे तरी काय, दोन्हीकडून उघडे मडके, एका तोंडावर ताणलेले कातडे आणि आत वारेंच. पोराने घुमटावर थाप मारली की वर आठ थरथरायचा. पहिल्यांदा मला वाटले पंखा असेल. पंखा बंद होता. मी आरती सोडून तेवढेच बघत राहिलो, बायकोने कोपराने ढोसेपर्यंत.

पाचव्या दिवशी विसर्जन झाले, माटोळी उतरवली. फळे वाटली. आठ खाली आला होता, पोट आत गेलेले, कडा दुमडलेल्या. मी तो कचऱ्याच्या पिशवीकडे न्यायला उचलला.

"खंय व्हरता?" आईने विचारले.

मी तिला सांगितले की फॉइलच्या फुग्याला शेपटीकडे झडप असते, नळी घातली की उरलेला वायू निघतो, घडी करता येते, पुन्हा भरताही येतो. हे सगळे गिऱ्हाइकांना सांगतो तसे सवयीने सांगितले. नंतर कळले की सांगायला नको होते. तिने शहाळ्याबरोबर आलेली नळी माझ्या हातात दिली. मी आठाच्या झडपेत नळी घातली. आईने तो मांडीवर घेतला आणि खालून वर हाताने दाबत गेली, लुगड्याची चुणी मोडतात तशी. शेवटची फुस्स झाल्यावर तिने त्याची चौघडी घातली, आणखी एकदा दुमडली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत, रेशमी लुगड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवून दिली.

"आठ आसा," ती म्हणाली. "फुडल्या वर्सा फकत दोन हाड."

मी मान हलवली. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"आनीक आठ वर्सां तोच चलता." पेटीचे झाकण लावून तिने माझ्याकडे बघितले. "दोन कितल्याक पडटा?"

मी दुकानातली किंमत सांगितली.

"ती गिऱ्हायकांक," आई म्हणाली. "तुका कितल्याक पडटा तें सांग."